भिंत कुणाची आणि नाव कुणाचं?

जे हा भाग ऐकण्याऐवजी वाचतायत त्यांच्यासाठी एवढंच सांगते की माझं अडखळणं, मध्येच चहा पिणं आणि खाली भोंगा वाजवत गेलेला टेम्पो काढून टाकलाय. बाकी बोलले तसंच ठेवलंय.

सुरुवात एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजने करते. मावळातला आठ-दहा जणांचा ग्रुप आहे. पाऊस संपला की हे लोक दरवर्षी एकेका गडावर जातात, प्लास्टिक गोळा करतात, गोण्या भरून खाली आणतात. गेल्या खेपेला त्यांना गडाच्या दरवाज्याच्या आत, पहारेकऱ्यांच्या देवड्यांच्या भिंतीवर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेली नावं दिसली. बाणाने छेदलेला बदाम, खाली तारीख, शेजारी कुठल्याशा मंडळाचं नाव. त्यांचं म्हणणं असं, "ताई, या लोकांवर कुठला कायदा लागतो तेवढं सांगा, आम्ही तक्रार करणार आहोत. आणि पुढच्या रविवारी थिनर आणि तारेचा ब्रश घेऊन जातोय, सगळं साफ करून येतो."

खरं सांगू का, मेसेजचा पहिला अर्धा भाग ऐकताना मी मान डोलावत होते. दुसरा अर्धा ऐकला आणि लगेच फोन उचलला. का, ते शेवटी सांगते, कारण ते समजायला आधी बाकीचं समजायला हवं.

पहिल्यांदा अजिंठ्याला जाऊ.

२८ एप्रिल १८१९. जॉन स्मिथ नावाचा एक ब्रिटिश लष्करी अधिकारी शिकारीला आला होता आणि त्याला वाघूर नदीच्या वळणावर ही लेणी दिसली. ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. तिचा पुढचा भाग शाळेत फारसा सांगत नाहीत. हा गृहस्थ दहाव्या लेण्यात शिरला आणि बोधिसत्त्वाच्या चित्रावरच त्याने स्वतःचं नाव आणि तारीख कोरली. ती अक्षरं आजही आहेत, पण तुमच्या-माझ्या डोक्याच्या वर आहेत. तेव्हा लेण्यात कित्येक फूट राडारोडा साचला होता आणि साहेब त्यावर उभे होते. आता मजा बघा. दोनशे वर्षांनी ते ओरखडे स्वतःच इतिहास झालेत. उद्या एखाद्याला राग आला आणि तो स्मिथसाहेबाचं नाव खरवडायला गेला, तर गुन्हेगार स्मिथ नाही, खरवडणारा ठरेल. हे डोक्यात ठेवा, आपल्याला परत लागणार आहे.

आता साधी भिंत घेऊ. तुमच्या सोसायटीची, शाळेची, पुलाच्या खांबाची. आपल्याकडे यासाठी वेगळा कायदा आहे, महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा, १९९५ सालचा. लोकांच्या नजरेला पडणारी कुठलीही जागा विद्रूप केली की तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात 'लोकांच्या नजरेला पडणारी' हे शब्द महत्त्वाचे. भिंत सरकारी आहे की खासगी हा प्रश्न इथे गौण आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती दिसते ना, मग झालं. खासगी इमारत, पुतळा, खांब, कुंपण, इतकंच काय, झाडसुद्धा. 'ट्यूशन, दहावी-बारावी, खात्रीशीर निकाल' असा पत्रा झाडाला खिळ्याने ठोकणारे महाशय याच कायद्याखाली येतात.

आणि 'विद्रूप करणे' म्हणजे फक्त तोडफोड नाही. दिसण्यात ढवळाढवळ केली तरी पुरतं. म्हणजे तुम्ही सुंदर मोर काढलात, आणि परवानगी नव्हती, तर कायद्याच्या दृष्टीने तो मोर आणि तो बदाम एकाच रांगेत. कायदा चित्र बघतच नाही. भिंत कुणाची आणि तुम्हाला हो कुणी म्हटलं, एवढंच बघतो. कलाकारांना हे आवडत नाही, मला माहितीये. पण एकदा विचार करून बघा, चांगलं चित्र कुठलं आणि वाईट कुठलं हे ठरवायचं काम हवालदारावर सोपवलं तर काय होईल?

म्हणून तर मुंबईत वांद्र्याला एमटीएनएलच्या इमारतीवर २०१४ मध्ये दादासाहेब फाळक्यांचं भलंमोठं चित्र उभं राहिलं, चर्चगेट स्टेशनच्या इमारतीवर २०१७ मध्ये गांधीजी आले, तरी कुणी कुणाला पकडलं नाही. जागेच्या मालकाचा होकार होता. याच्या उलट अहमदाबाद. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या मेट्रोचा नवा मार्ग नुकताच सुरू झाला होता आणि चार इटालियन तरुण रात्री आत शिरून डब्यावर स्प्रेने रंगवून गेले. पोलिसांनी चौघांनाही पकडलं. डब्यावरची अक्षरं आपल्या सिग्नलला दिसणाऱ्या पोस्टरपेक्षा जास्त देखणी होती असं माझं खासगी मत आहे, आणि ते कोर्टात काही कामाचं नाही.

या १९९५ च्या कायद्याबरोबर आणखी एक येतो, तो फौजदारी. जुन्या दंडसंहितेत एक छान शब्द होता, 'आगळीक'. दुसऱ्याच्या मालमत्तेचं जाणूनबुजून नुकसान करणं म्हणजे आगळीक. त्यात गंमत अशी होती की नुकसान पन्नास रुपये किंवा जास्त असलं की दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. पन्नास रुपये! १८६० सालचे ते पन्नास, शेवटपर्यंत तसेच राहिले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्या कलम ३२४ ने हा हिशोब आजच्या रुपयात आणला. साध्या आगळिकीला सहा महिन्यांपर्यंत. सरकारची किंवा नगरपालिका, महापालिकेसारख्या संस्थेची मालमत्ता असेल तर एक वर्षापर्यंत. नुकसान वीस हजार ते एक लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत, लाख किंवा जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत. थोडक्यात, इथे शिक्षा नुकसानीच्या रकमेवर चढत जाते, आणि म्हणून भिंत पुन्हा रंगवायला किती खर्च आला याची पावती जपून ठेवायची असते. सोसायटीच्या सेक्रेटरींनो, ऐकताय ना?

बरं, कायदे आहेत. मग भिंती अशा का?

एका पिढीला आठवत असेल, खेड्यापाड्यात गेरूने लिहिलेलं असायचं, देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा. नसबंदीच्या, साक्षरतेच्या घोषणा त्याच भिंतीवर. माझ्या आजोळच्या घराच्या भिंतीवर लाल त्रिकोण होता. आजोबांना कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. म्हणजे भिंत ही विचारल्याशिवाय लिहायची जागा आहे, हे आपल्याला सरकारनेच आधी शिकवलं. नंतर पक्ष आले, क्लासवाले आले, मूळव्याधीवाले आले.

आणि मग प्रश्न येतो तो खरा. रात्री दोन वाजता भिंतीवर पोस्टर चिकटवणारा तीनशे रुपये रोजावरचा पोरगा पकडून काय साधणार? पोस्टरवर ज्याचा फोटो आहे तो घरी झोपलाय. दिल्लीने २००७ मध्ये स्वतःचा कायदा केला तेव्हा या मुद्द्यावर बोट ठेवलं. तिथे शिक्षा आपल्यापेक्षा कडक आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भिंतीवर लिहायला कलम ३ मध्ये एकच सूट आहे, मालकाचं किंवा राहणाऱ्याचं नाव आणि पत्ता. पण माझ्या मते खरी धार पुढच्या पोटकलमात आहे. लिखाण ज्याच्या फायद्यासाठी झालं तो माणूस, किंवा कंपनी असेल तर तिचे संचालक, भागीदार, व्यवस्थापक, हेही दोषी धरले जातात. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपली संमती नव्हती, हे सिद्ध करायची जबाबदारी त्यांच्यावर. 'कार्यकर्त्यांनी उत्साहाच्या भरात लावलं' हे वाक्य तिथे नुसतं म्हणून भागत नाही, पटवून द्यावं लागतं.

तरीही दिल्लीच्या भिंती भरलेल्याच. मग २०२४ मध्ये एक घटना घडली, ती मला या सगळ्या विषयातली सगळ्यात बोलकी वाटते. दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेची निवडणूक. लिंगडोह समितीने २००६ मध्येच सांगून ठेवलंय की विद्यार्थी निवडणुकीत छापील पोस्टर चालणार नाही, फक्त हाताने केलेलं, तेही नेमून दिलेल्या जागी. प्रत्यक्षात कॉलेजं, मेट्रोचे खांब, बसथांबे, सगळीकडे उमेदवारांची नावं, स्प्रेने, पोस्टरने. प्रकरण उच्च न्यायालयात होतं. न्यायालय म्हणालं, मतदान घ्या, पण भिंती साफ झाल्याशिवाय मतमोजणी नाही. मतदान २७ सप्टेंबरला झालं आणि पेट्या तशाच राहिल्या. ऑक्टोबर गेला. दिवाळी गेली. ज्यांनी नावं लिहिली होती तेच उमेदवार भिंती धुऊन-रंगवून घ्यायला लागले. मोजणी झाली ती २५ नोव्हेंबरला.

लक्षात आलं का? कुणालाही तुरुंगात टाकावं लागलं नाही. ज्याचं नाव भिंतीवर आहे त्याला जे हवंय, ते रोखून धरलं. नाव लिहिणाऱ्याने स्वतःचा पत्ता स्वतःच दिलेला असतो, फक्त तो वाचायची इच्छा लागते.

आणि इच्छा असली की किती वेळ लागतो याचा पुरावा आपल्याकडे प्रत्येक निवडणुकीत मिळतो. तारखा जाहीर झाल्या की निवडणूक आयोगाचं घड्याळ सुरू होतं. सरकारी इमारतींवरचं राजकीय लिखाण आणि फलक चोवीस तासांत, सार्वजनिक जागांवरचे अठ्ठेचाळीस तासांत, खासगी मालमत्तेवरचे बेकायदा असलेले बहात्तर तासांत काढायचे. आणि निघतात की! जो फलक पाच वर्षं कुणाला दिसत नव्हता तो रातोरात उतरतो. सातारच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा फलकांबद्दल भलामोठा आदेश दिला. त्यानंतर तुमच्या चौकात काय बदललं ते तुम्हीच खिडकीतून बघा.

मध्येच एक. हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, 'सिंगापूरसारखे फटके द्यायला पाहिजेत.' तिथे १९९४ मध्ये एका अमेरिकन मुलाला मोटारींवर रंग फासल्याबद्दल वेताचे सहा फटके सुनावले होते. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी रदबदली केली, मग चार दिले. पण तो कायदा १९६६ मध्ये आला तेव्हा त्याचा रोख टवाळ पोरांवर नव्हता, भिंतीवर सरकारविरोधी घोषणा लिहिणाऱ्यांवर होता. वेत कुणाच्या पाठीवर पडेल हे आधीच ठरवता येत नाही, एवढंच म्हणते आणि पुढे जाते.

आता गड.

घराची भिंत रंगवता येते. दोन हात चुना मारला, पैसे गेले, विषय संपला. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या टाकीच्या घावांचा दगड परत घडवता येत नाही. म्हणून स्मारकांना वेगळा कायदा आहे आणि तो जास्त कडक आहे. केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा, कलम ३०. पूर्वी यात तीन महिने किंवा पाच हजार रुपये दंड एवढंच होतं. २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते.

पण सगळे गड केंद्राचे नाहीत, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले जे बारा किल्ले गेले, त्यांतही दोन गट आहेत. रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी हे आठ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. राजगड, प्रतापगड, साल्हेर आणि खांदेरी हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. राज्याचा कायदा १९६० चा, आणि त्यातली शिक्षा जुनीच राहिली होती. म्हणजे अनेक वर्षं अशी परिस्थिती होती की लोहगडावर नाव कोरलं तर दोन वर्षं आणि लाख, राजगडावर कोरलं तर तीन महिने आणि पाच हजार. दगड तोच, सह्याद्री तोच! २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात राज्याने दुरुस्ती मंजूर केली आणि आपली शिक्षाही दोन वर्षं किंवा लाखावर नेली.

राहिले ते शेकडो गड, जे कुणाच्याच संरक्षित यादीत नाहीत. काही वनखात्याच्या जमिनीवर, काही गावकऱ्यांच्या खासगी सातबाऱ्यावर. तिथे स्मारकांचा कायदा लागत नाही. तिथे मघाचा १९९५ चा कायदा आणि आगळिकीचं कलम, एवढाच आधार. खरं तर राखणाऱ्याची जास्त गरज तिथेच आहे.

आता आमच्या मावळच्या मंडळींकडे येते. थिनर आणि तारेचा ब्रश.

कलम ३० चे शब्द काय आहेत? संरक्षित स्मारक नष्ट करणे, हलवणे, त्याला इजा करणे, त्यात बदल करणे, ते विद्रूप करणे, धोक्यात आणणे किंवा त्याचा गैरवापर करणे. या यादीत 'वाईट हेतूने' असे शब्द नाहीत. तुमचा हेतू न्यायालय समजून घेईल कदाचित, पण तिथवर जायची वेळच कशाला आणायची? आणि कायदा बाजूला ठेवला तरी दगडाचं काय होतं बघा. थिनरने ऑइलपेंट पातळ होतो आणि पुसला जाण्याऐवजी काही भाग दगडाच्या छिद्रांत, सांध्यातल्या चुन्यात उतरतो. नाव जातं, पांढरट डाग कायमचा बसतो. तारेच्या ब्रशने दगडाचा वरचा जुना थर निघतो, तिथे फिकट चट्टा पडतो आणि पुढे पाणी-शेवाळ त्याच जागी धरतं. देवडीच्या भिंतीवर एखादं पाथरवटाचं चिन्ह किंवा झिजलेली अक्षरं असतील तर तीही त्या ब्रशबरोबर गेली. रंग खाली जिवंत दगड ठेवून गेला होता, ब्रश तोच घेऊन गेला. स्मिथसाहेब आठवले ना?

हाच नियम त्या रंगाच्या बाणांनाही. वाट चुकू नये म्हणून ट्रेकर मंडळी तटबंदीच्या दगडांवर पिवळे बाण काढतात. हेतू चांगला, पण संरक्षित तटबंदीवर तो बाण आणि तो बदाम यांत कलमाला फरक दिसत नाही. टाक्यांतला गाळ काढणं, तटातली झुडपं उपटणं, हेही परवानगीशिवाय नको. गाळात कधी तोफगोळा असतो, कधी नाणं, आणि मूळ उपटलं की त्याच्याबरोबर दोन चिरे ढासळतात.

मग करायचं काय? फोनवर सांगितलं ते इथेही सांगते. गडाच्या पायथ्याशी किंवा दरवाज्याजवळ संरक्षित स्मारकाचा फलक असतो, तो आधी वाचा, त्यावरून गड केंद्राकडे की राज्याकडे ते कळतं. लिखाणाचा फोटो काढा, एक जवळून आणि एक लांबून, म्हणजे जागा ओळखता येईल. शेजारी पट्टी किंवा पेन धरा, आकार कळतो. हात लावू नका. मग लेखी अर्ज. केंद्राचा गड असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या त्या भागातल्या मंडळ कार्यालयाला, मुंबई मंडळाचं कार्यालय शीवच्या किल्ल्याजवळ आहे. राज्याचा असेल तर पुरातत्त्व संचालनालयाला. अर्जाची प्रत जवळच्या पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका. रंग काढायचं काम त्यांच्या रसायनतज्ज्ञांचं, पण माणसं लागतील तेव्हा आम्ही येतो, हे त्याच अर्जात लिहा. राज्याच्या स्मारकांसाठी 'महाराष्ट्र वैभव' नावाची संगोपन योजना आहे, संस्था नोंदणीकृत असेल तर तिचीही चौकशी करा.

आणि हो, भिंतीवर नाव वाचून त्याच नावाच्या कुणाला तरी फेसबुकवर शोधून झोडपू नका. महाराष्ट्रात एकाच नावाची किती पोरं आहेत, मोजून बघा. मंडळाचं नाव मात्र वेगळी गोष्ट. मंडळाला पत्ता असतो, अध्यक्ष असतो, कधी कधी त्याच दरवाज्यासमोर काढलेला झेंड्यासकटचा रीलही असतो. तो अर्जाला जोडा.

परवा त्या ग्रुपचा परत मेसेज आला. अर्ज दिलाय, पोच मिळालीय, रविवारी फक्त गोण्या घेऊन जाणार आहेत. थिनरचा डबा परत करायला गेले तर दुकानदाराने घेतला नाही, एकदा विकलेला माल परत नाही म्हणाला. आता ते त्यातून ग्रुपमधल्या एकाच्या घराचं लोखंडी गेट साफ करणार आहेत. गेट स्वतःचं आहे आणि आईची परवानगी घेतलीय, हेही मुद्दाम कळवलंय.

पुढच्या भागात भेटू.